शेवटच्या नळाचं फडकं

मीरासाब मिस्त्रीबद्दल लॉजवाल्यांत काय बोललं जातं ते मला माहीत आहे. विजयसिंह मालकांच्या यात्री निवासाचा नवा कोरा बॉयलर त्यानं वीस दिवसांत घालवला, लाईन न धुताच जोडून मोकळा झाला, वय झालं की माणूस असाच हात आखडतो, वगैरे. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना बॉयलर समोर आणून ठेवला तरी ओळखू यायचा नाही. पण जिभेला काय, हाड थोडंच असतं. मी त्या निवासात एकोणीस वर्षं काउंटरवर होतो. सयाजी माझं नाव, मॅनेजर म्हणायचे मला. म्हणून सांगतो, ती लाईन मीरासाबनं धुतली होती. जेवढी धुवायची राहिली तेवढी माझ्यामुळं राहिली.

मीरासाबचा बाप मंगळवार पेठेत तांब्याचे बंब दुरुस्त करायचा. तेव्हा घरोघरी बंब होते, आणि गळायला लागला की तो डोक्यावर घेऊन लोक याच्या बापाकडं यायचे. पोरगं तिथंच डाख लावून भोकं बुजवायला शिकलं. पुढं गिझर आले, बंब मोडीत गेले आणि मीरासाब लॉज-हॉटेलांच्या बॉयलरकडं वळला. शिकला कुठं म्हणाल तर कुठंच नाही. उघडायचा, बघायचा, परत बसवायचा. कोल्हापुरातल्या तीस-पस्तीस लॉजांचं गरम पाणी या एका माणसाच्या जिवावर चालायचं म्हटलं तरी चालेल.

स्वभावानं मात्र विंचू. त्याच्या पान्याला दुसऱ्यानं हात लावलेला खपायचा नाही. एकदा मालकांनी पाव्हण्यांसमोर ऐट दाखवायला म्हणून स्वतःच एक कॉक फिरवला. मीरासाब पाव्हण्यांच्या देखत म्हणाला, "मालक, हात खिशात ठेवा." मालक हसले तेव्हा. पण ती गोष्ट ते विसरले नाहीत, आणि मीरासाबला वाटायचं विसरले.

माझ्याशी त्याचं बरं जमायचं. मला सयाजीराव म्हणायचा. काम झालं की काउंटरच्या पायरीवर बसून बशीतनं चहा प्यायचा आणि अख्ख्या गावाला शिव्या घालायचा. त्याच्या शिव्या ऐकायला मजा यायची, कारण त्या खऱ्या असायच्या. पोरीचा, आफशीनचा, विषय निघाला की मात्र गडी मऊ व्हायचा. आफशीननं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि बापाबरोबर कामावर यायची. पाईपला कान लावून कुठं तुंबलंय ते सांगायची. "माझ्या फुडं गेलीया," म्हणायचा. "मला जे तीस वर्सांत कळलं ते तिला तीन वर्सांत कळलं. वर आणि इंग्रजीत सांगती."

दोन वर्षांपूर्वी मालकांनी जुना डिझेलचा बॉयलर काढून गॅसवरचा घ्यायचं ठरवलं. पुण्याची कंपनी होती. तिला कोल्हापूर जिल्ह्यासाठी सर्व्हिस सेंटर काढायचं होतं आणि ते आफशीनच्या नावानं द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. कंपनीची अट एकच, पहिलं काम नीट करून दाखवा. पहिलं काम म्हणजे आमचं निवास. मीरासाबनं उचगावात रस्त्याकडेला एक गाळा बघून ठेवला होता. पाटीवर पोरीचं नाव मराठीत घालायचं का इंग्रजीत, यावर बापलेकीची आठवडाभर भांडणं चालली होती.

आता लाईन धुणं म्हणजे काय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या निवासात तीन मजले, चाळीस खोल्या. गरम पाणी खालून वर जातं, सगळ्या खोल्यांवरनं फिरतं आणि परत खाली बॉयलरला येतं. म्हणून नळ सोडला की लगेच गरम. पण पाईप लोखंडी आणि वीस वर्षांचे, आत गंज आणि क्षाराचा थर. जुन्या बॉयलरला त्याचं काही वाटायचं नाही, त्याचं पोट मोठं होतं. नव्याच्या आतल्या वाटा बोट जाणार नाही एवढ्या बारीक. तिथं गंज गेला की खेळ खलास. म्हणून नवा बॉयलर जोडायच्या आधी लाईनमध्ये औषध घालून ते पंपानं फिरवायचं, सोडून द्यायचं, मग साधं पाणी एकदा सुलट आणि एकदा उलट सोडायचं. आधी काळं येतं, मग तांबडं, मग चहासारखं. तोपर्यंत परतीचं पाणी गटारीला सोडलेलं असतं.

पाणी स्वच्छ झालं हे मीरासाब डोळ्यांनी ठरवायचा नाही. नळाच्या तोंडाला पांढऱ्या मांजरपाटाचं फडकं बांधायचं, दहा मिनिटं पाणी सोडायचं. फडकं पांढरं राहिलं तर नळ पास. असा एकेक नळ. सगळ्यात शेवटचा नळ तिसऱ्या मजल्यावर, बाराव्या खोलीबाहेर, तिथनं लाईन खाली परत फिरते. त्या नळाचं फडकं पांढरं निघालं की खाली परतीचा कॉक बॉयलरकडं फिरवायचा. हे दोघांचं काम. एकजण खाली पंपाशी आणि कॉकशी, एकजण वर फडक्याशी. वर कायम आफशीन असायची.

मीरासाबनं मालकांकडं चार दिवस मागितले होते. मालकांनी तीन दिले. कारण पितृपक्ष. अनंत चतुर्दशी झाली की पितर लागणार, आणि पितरांत मालक नवीन चप्पलसुद्धा घालत नाहीत, बॉयलर कुठला चालू करणार. पितर संपले की लगेच घटस्थापना, अंबाबाईच्या दर्शनाला सगळा महाराष्ट्र लोटणार. म्हणून चतुर्दशीलाच साडेअकराचा मुहूर्त धरला. पहिले दोन मजले मीरासाबनं झकास धुतले. फडकी मी बघितली होती, डॉक्टरच्या कोटासारखी. तिसरा मजला तेवढा राहिला होता.

त्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या एका नळाचा वायसर कमी पडला. आफशीन तो आणायला उद्यमनगरात गेली आणि विसर्जनाच्या मिरवणुकांत अडकली. रस्ते बंद. मीरासाब म्हणाला, "सयाजीराव, तुम्ही जावा वर. माझं गुडघं चढत न्हाईत. फडकं बांधा आन् बसा तितं. पांढरं आलं की मला सांगा, मग मी कॉक फिरवतो."

मी गेलो. फडकं बांधलं, नळ सोडला. पाणी येत होतं. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, मालकांचा काउंटरवरनं फोन. "सयाजी, हळदकुंकू कुठं ठेवलंयस? काडेपेटी कुठाय? मुहूर्त निघून चालला." मी म्हणालो, इथं फडक्याशी बसलोय. मालक म्हणाले, "फडकं काय पळून जातंय व्हय? खाली ये."

आलो खाली. हे मला मालकांच्या माथी मारता येईल आणि मनातल्या मनात वर्षभर मारलंच. पण मालकांनी बोलावलं म्हणून जाणारा पाय माझाच होता.

काउंटरच्या खणात मी काडेपेटी शोधत होतो तेव्हा मीरासाबचा फोन आला. मागं बॉयलर-खोलीत ताट, नारळ, मालक, मालकीणबाई, सगळे उभे. मी वरच आहे असं धरून त्यानं एवढंच विचारलं, "सयाजीराव, येतंय का?"

मी म्हणालो, "येतंय की."

आमच्या कोल्हापुरी माणसाला हा 'की' लावल्याशिवाय वाक्य सोडवत नाही. जेवलास का, जेवलो की. उपाशी असला तरी. अमक्या पैलवानाला ओळखतोस का, ओळखतो की. आयुष्यात बघितलेला नसला तरी. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण मीरासाब कामावर असताना बोलणं तोलून घ्यायचा. त्याच्या भाषेत 'येतंय का' म्हणजे पांढरं येतंय का. मला ते पक्कं माहीत होतं. पाणी तर येतच होतं. कसलं येत होतं ते बघायला मी तिथं नव्हतो.

त्यानं कॉक फिरवला. मालकांनी नारळ फोडला. पेढे वाटले. अर्ध्या तासानं आफशीन आली, घामाघूम. तिनं आल्या आल्या बापाला विचारलं, "शेवटचं फडकं कुणी बघितलं?" "सयाजीरावांनी," मीरासाब म्हणाला, आणि मी मान हलवली.

संध्याकाळी एका गिऱ्हाईकाला खोली दाखवायला तिसऱ्या मजल्यावर गेलो तेव्हा फडकं दिसलं. काळं. नुसतं काळं नाही, आत मूठभर चिखल धरून लोंबत होतं. आता खरं तर तिथनं सरळ खाली पळत जायचं, बॉयलर बंद करायचा आणि मीरासाबला फोन लावायचा. शिव्या खाल्ल्या असत्या चार. मी काय केलं? नळ बंद केला, फडकं सोडलं, पिळलं, आणि पूजेच्या निर्माल्याच्या पिशवीत खाली दाबून टाकलं. म्हटलं मालक आज खुशीत आहेत, उद्या सांगू. उद्या पितर लागले. मग म्हटलं बॉयलर चालतोय ना, असेल थोडा गाळ, जाईल. निवास पंधरा दिवस मोकळं होतं. त्या पंधरा दिवसांत रोज सकाळी काउंटरवर बसताना मला वाटायचं आज सांगावं. आणि रोज संध्याकाळी वाटायचं, चाललंय की सगळं.

घटस्थापनेला चाळीसच्या चाळीस खोल्या भरल्या. तिसऱ्या माळेला सकाळी बॉयलर आतनं खडखडला, शिट्टी घातली आणि बंद पडला. काउंटरवर ही गर्दी. चंदगडकडचा एक म्हातारा टॉवेल गुंडाळून खाली आला आणि म्हणाला, "गार पाण्यानंच न्हायचं असतं तर आमच्या गावाला वढा हाय की, पावणं. हितं कशाला आलतो मी?" लोकांनी मोबाईलवर फोटोसकट वाईट शेरे टाकले. मालकांचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. बॉयलर उघडला. आतल्या बारीक वाटा काळ्या गाळानं गच्च भरून जळल्या होत्या. त्यानं विचारलं, लाईन कुणी धुतली? मालकांनी बोट दाखवलं. म्हणाले, "ह्या मिस्त्रीनं. दुसऱ्याला हात लावू देत न्हाय, सोताला लई शाणा समजतो." इतक्या वर्षांचा कॉक त्यांनी त्या दिवशी फिरवून घेतला.

मीरासाब चिडला नाही. त्याला खात्री होती. म्हणाला, "शेवटच्या नळाला फडकं पांढरं आल्याबिगर मी कॉक फिरवत न्हाय, सायेब. हे बगा, मॅनेजर हायत हितं. सयाजीराव, फडकं बघितलंतं न्हवं तुम्ही?"

मालक माझ्याकडं बघत होते.

"बघितलंतं," मी म्हणालो.

"पांढरं हुतं?"

"पांढरं हुतं की."

पहिल्या वेळेला जे झालं त्याला तुम्ही चूक म्हणा, गाफीलपणा म्हणा. हे मात्र खोटं होतं, चांगलं समोर उभं राहून, डोळ्यांत बघून बोललेलं. मला वाटलं मी मीरासाबच्या बाजूनं बोललो. खरंच, त्या क्षणी असंच वाटलं. की बाबा, पांढरं होतं म्हणालो म्हणजे त्याचं काम नीट होतं असं ठरेल. कंपनीच्या माणसानं ते दुसऱ्या बाजूनं घेतलं. तो म्हणाला, शेवटच्या नळाला स्वच्छ आलं आणि तरी एवढा गाळ, म्हणजे मधल्या लाईनी नीट धुतल्याच नाहीत. तपासायची तुमची पद्धतच चुकीची आहे.

माझ्यावर मीरासाबचा विश्वास होता, आणि मी पांढरं म्हणालो होतो, तेव्हा त्याच्या हिशेबानं चूक त्याच्याच हातची असणार. आफशीन तिथंच होती. ती म्हणाली, "अब्बा, फडकं पांढरं असूच शकत न्हाय. एवढा गाळ आणि फडकं पांढरं? विचारा त्यांना नीट." मीरासाबनं तिला दटावलं. म्हणाला, "सयाजीराव खोटं बोलणार न्हाईत. सतरा वर्सं बघतोय मी त्यास्नी." आणि कंपनीच्या माणसानं जो कागद पुढं केला, लाईन धुण्यात आमच्याकडून कसूर झाली असा, त्यावर त्यानं सही केली. मराठीत, सावकाश, जोडाक्षरं जपून.

सर्व्हिस सेंटर दुसऱ्याला गेलं. गाळा सोडला. लॉजवाल्यांनी एकेक करून मीरासाबला बोलावणं बंद केलं, आणि खरं सांगायचं तर ज्यांनी बोलावलं तिथंही तो गेला नाही. मला दोनदा रस्त्यात भेटला. दोन्ही वेळा एकच विचारलं, "सयाजीराव, माझं कुठं चुकलं असंल ओ?" मी म्हणालो, होतंय मिस्त्री, माणसाच्या हातनं होतंय. माझी जीभ झडली कशी नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

गेल्या महिन्यात मी रिटायर झालो. मालकांनी शाल, नारळ दिला आणि माझ्या जागेवर माझ्याच पोराला, राजवीरला, घेतलं. आठवड्यानं मला कळलं की कंपनीचा सर्व्हिस सेंटरवाला काम सोडून गेलाय आणि ते नवीन माणूस शोधतायत. म्हटलं आता तरी जाऊन सांगावं. सकाळी उचगावला, मीरासाबच्या घरी गेलो.

मीरासाब घरीच होता. आता दुसऱ्याच्या हाताखाली इमारतींवर बाथरूमचे नळ बसवतो. सुट्टी होती त्याला. मला बघून उठून उभा राहिला, "या, या सयाजीराव, कधी आलासा," म्हणून खुर्ची पुसून दिली. आफशीन आतनं चहा घेऊन आली. ती मोबाईलच्या दुकानात काचा बसवते. बापलेकीचं बोलणं तुटल्यासारखं दिसलं. कप ठेवताना तिनं बापाकडं बघितलं नाही.

मी चहा प्यायच्या आधीच सांगून टाकलं. सगळं. काडेपेटी, फोन, काळं फडकं, निर्माल्याची पिशवी. मीरासाब ऐकत होता. मध्येच त्यानं दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले, मांडीवर ठेवले. मग पोरीला म्हणाला, "तू म्हणलीतीस." तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते तसेच माझ्यावर रोखून धरले.

"काका," आफशीन म्हणाली, "कंपनीचं सेंटर परत निघतंय. मी अर्ज केलता. ते म्हणाले, तुमच्या वडलांच्या सहीचा कागद हाय आमच्याकडं. तुम्ही आत्ता जे सांगितलासा ते लिहून देतासा? चारच ओळी. खाली सही."

तिनं कागद आणला, पेन आणलं. स्टूल पुढं सरकवून त्यावर ठेवलं. मी पेन हातात घेतलं. आणि मला मालकांचा चेहरा दिसला. तुझा बाप फडकं सोडून खाली आला आणि वर खोटं बोलला, असं लिहिलेला कागद मालकांच्या हातात पडला तर राजवीरला ते दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसू देणार होते काय? पोराचं गेल्या वर्षीच लग्न झालंय.

"लिहून कसं देऊ?" मी म्हणालो. "राजवीर तिथं कामाला हाय, मिस्त्री. तुम्ही समजून घ्या. तोंडी कुठं विचारलं तर..."

"तोंडी कोण विचारणार हाय तुम्हाला?" आफशीन म्हणाली.

मीरासाबनं माझ्या हातातनं पेन काढून घेतलं. हिसकावलं नाही, आपली वस्तू परत घ्यावी तसं घेतलं. त्याला टोपण लावलं.

"दीड वर्स मला वाटत हुतं माझी नदर गेली, हात गेला," तो म्हणाला. "रातचं उठून एकेक नळ आठवायचो. पोरगी सांगत हुती, तिला मी खोटं पाडलं, तुमच्या शब्दावर. नोकरी हुती तवर तुम्ही आला न्हाईसा. आता आलासा ते तुमचं वझं उतरवायला. उतारलं न्हवं?"

मी मान खाली घातली.

"मग जावा आता."

घरातनं उठणाऱ्या माणसाला आपल्याकडं कुणी जावा म्हणत नाही. भांडणातसुद्धा 'या' म्हणतात. मीरासाब ते विसरणारा माणूस नव्हे. चहा तसाच होता, साय धरलेली. मी चप्पल घातली आणि बाहेर आलो. मागं आफशीननं कोरा कागद घडी करून परत कपाटात ठेवल्याचा आवाज आला.